किंग दिनाची भाषणं आणि गाळायला लावलेला परिच्छेद

सुपारीकात्री

मत आधी, तपशील मग. नागरी हक्क चळवळीचा वारसा मुलांच्या तोंडून जागवायचा असेल, तर मुलांना जे बोलायचंय ते बोलू द्या. मोठ्यांनी लाल पेन चालवलेलं भाषण म्हणजे त्या चळवळीची जयंती नव्हे, श्राद्ध.

झालं असं. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी इथे अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग दिन असतो आणि त्यानिमित्त मुलांच्या वक्तृत्व स्पर्धा. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, रालेजवळ राहतो. माझ्या आठवीतल्या लेकीने भाषण लिहिलं बार्बरा जॉन्सवर. ज्यांना ही मुलगी माहीत नाही त्यांच्यासाठी: १९५१ साल, व्हर्जिनियातलं फार्मव्हिल. कृष्णवर्णीय मुलांची मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेली, त्यात साडेचारशेच्या वर कोंबलेली. जास्तीच्या मुलांसाठी आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोल्या केल्या होत्या. पाऊस आला की गळायच्या. थंडीत शेगडीजवळच्या पोरांना घाम फुटायचा आणि लांबची पोरं कोट घालून लिहायची. गोऱ्यांच्या शाळेत मात्र व्यायामशाळा, जेवणघर, सगळं.

१६ वर्षांच्या बार्बराने २३ एप्रिलला मुख्याध्यापकांना एक खोटा फोन करवला, की तुमची पोरं बस स्टँडवर भानगडीत सापडलीत. ते तिकडे धावले. मग त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गात फिरल्या, शाळा सभागृहात जमली, बार्बराने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि संप पुकारला. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या निकालात सामील झाला आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

इथपर्यंत आयोजक खूश. शेवटच्या परिच्छेदात लेकीने लिहिलं होतं, की माझ्या शाळेत सगळे एकाच दारातून आत येतात, पण प्रगत गणिताच्या वर्गात भारतीय, चिनी आणि गोरी मुलंच दिसतात, कृष्णवर्णीय एखाद-दुसरं. दार एक झालं, मग खोल्या वेगळ्या का? यावर निरोप आला: भाषण छान आहे, शेवट 'सकारात्मक' करा. तो परिच्छेद गाळला तरच मंचावर.

लेक म्हणाली, मग मी नाही बोलत. मी तिची समजूत काढायला गेले नाही. तुम्हाला काय वाटतं?

गणितवाला

ताई, गाळायला सांगितलं ते बरंच केलं असं मी स्पष्ट म्हणतो. आमचा मुलगा अशाच वर्गात आहे. शनिवारी क्लास, उन्हाळ्यात क्लास, शिवाय बायको रोज त्याला घेऊन बसते. आम्ही कुणाच्या ताटातलं ओढून घेतलेलं नाही. किंग यांच्या नावाच्या कार्यक्रमात आमच्याच पोरांना आरोपीच्या पिंजऱ्यात कशाला उभं करायचं? १९५१ मध्ये कायदाच भेद करत होता. आज चाचणी सगळ्यांना एकच आहे. या दोन गोष्टी एका दमात बोलायच्या म्हणजे त्या फार्मव्हिलच्या मुलांचाही अपमान.

सुपारीकात्री

आरोप कुठे केला? प्रश्न विचारला. चाचणी एकच आहे हे खरं, पण शनिवारच्या क्लासला पैसे लागतात आणि नेऊन सोडायला घरातलं कुणीतरी मोकळं लागतं. हे तेरा वर्षांच्या मुलीला दिसतं आणि आपल्याला दिसत नाही.

धुंडिराज

गणितवाल्या साहेबांना एक आठवण. अमेरिकेने स्थलांतरितांसाठीचे देशवार कोटे मोडले ते १९६५ च्या कायद्याने. आधीच्या वर्षी नागरी हक्क कायदा झाला, त्याच लाटेत हाही पार पडला. त्याआधी भारताच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १०० जागा होत्या. तेव्हा फार्मव्हिलच्या त्या खोल्यांशी आपला काय संबंध असं म्हणू नका. तुमचा ग्रीन कार्डाचा रस्ता त्या गल्लीतूनच गेलाय.

गणितवाला

ऋण मान्य. पण ऋण मानायचं म्हणजे रोज अपराधी वाटून घ्यायचं का?

एडिसनची वहिनी

मी मराठी शाळेत शिकवते आणि अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते, तेव्हा आयोजकांच्या बाजूने चार शब्द. 'लाल पेन' म्हणून हिणवणं सोपं असतं. मुलं पहिल्या मसुद्यात काय काय लिहितात ते आम्ही वाचतो. वर्गातल्या एखाद्या मुलीचं नाव घेऊन सुद्धा लिहिलेलं असतं. समोर त्याच शाळेची मुलं बसलेली असतात. 'त्या वर्गात एखाद-दुसरं' असं मंचावरून म्हटलं की सभागृहातल्या सगळ्या माना त्या एखाद-दुसऱ्याकडेच वळणार ना? त्या मुलाला विचारलं होतं का कुणी?

आणि दुसरं. मोठ्यांनी भाषण बदलायला लावणं हे चळवळीबाहेरचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी २८ ऑगस्ट १९६३ आठवावा. नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टनच्या मोर्चात जॉन लुइस २३ वर्षांचा होता, विद्यार्थ्यांच्या समितीचा अध्यक्ष. त्याच्या भाषणाच्या मसुद्यात राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या नागरी हक्क विधेयकाला पाठिंबाच नव्हता, आणि यादवी युद्धात दक्षिण जाळत गेलेल्या जनरल शर्मनसारखे आम्ही दक्षिणेतून कूच करू असं वाक्य होतं. आर्चबिशप ओबॉइल अडून बसले, की हे असंच बोलणार असाल तर मी प्रार्थना म्हणायला उभा राहणार नाही. कार्यक्रम सुरू झाला तरी लिंकनच्या स्मारकात मागे खल चालूच. शेवटी मोर्चाचे ज्येष्ठ नेते फिलिप रँडॉल्फ यांनी गळ घातली. सत्तरीचा माणूस, या दिवसासाठी जन्मभर थांबलेला. लुइसने शर्मन काढला, विधेयकाला 'मोठ्या आक्षेपांसह' पाठिंबा दिला. तरीही त्या दिवशीचं सगळ्यात तिखट भाषण त्याचंच होतं. परिच्छेद गेला म्हणून आवाज जातो असं नाही.

सुपारीकात्री

वहिनी, उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत. लुइसशी बोलायला रँडॉल्फ स्वतः आले, समोरासमोर वाद झाला, कारण सांगितलं गेलं आणि पेन लुइस आणि त्याच्या सोबत्यांच्या हातात राहिलं. माझ्या मुलीला दोन ओळींची ईमेल आली. तीही मला, तिला नाही.

त्या एखाद-दुसऱ्या मुलाबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र मी तिच्यापुढे ठेवणार आहे. हे तिला आयोजकांनी सांगितलं असतं तर तिनेच वाक्य फिरवलं असतं. 'सकारात्मक करा' यातून तिने काय समजायचं?

तर्रीपोहे

आमच्या नागपूरचा विषय निघाला नाही अजून, म्हणून घुसतो.

जेम्स लॉसन नावाचा तरुण १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनतर्फे नागपुरात आला, हिस्लॉप कॉलेजात. कोरियाच्या युद्धासाठीची सक्तीची भरती नाकारली म्हणून आधी तुरुंगात जाऊन आलेला. इथे त्याने गांधींचा अभ्यास केला आणि बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीत झालेल्या बहिष्काराची बातमी त्याला कळली तीही नागपुरातच, पेपरात वाचून. १९५६ ला परतला आणि पुढे नॅशव्हिलमध्ये चर्चच्या तळघरात कॉलेजच्या पोरांचे वर्ग घेऊ लागला. काय शिकवायचे त्यात? खुर्च्या मांडून खोटं हॉटेल करायचं. काही पोरं गिऱ्हाईक व्हायची, काही गोरे गुंड. गुंडांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, केस ओढायचे, खुर्चीवरून खाली पाडायचं. गिऱ्हाइकांनी हात उचलायचा नाही, पडताना डोकं कसं वाचवायचं ते शिकायचं. मग पार्टी बदलायची. डायान नॅश, जॉन लुइस याच तळघरातून निघाले. १९६० च्या फेब्रुवारीत ते फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या खऱ्या हॉटेलांच्या काउंटरवर जाऊन बसले तेव्हा अंगावर येणाऱ्या कशाचंच त्यांना नवल नव्हतं.

सांगायचं एवढंच, की तालीम वाईट नाही. तालमीला नावं ठेवणाऱ्यांना मी धागाभर शोधतोय. पण लॉसन पोरांना मार खायला तयार करत होता, टाळ्या घ्यायला नाही. (त्यापायी व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याला काढून टाकलं, तो भाग वेगळा.)

तात्या ठाणेकर

सगळे फार भावुक झालात. मी उलट बाजू मांडतो, शिव्या नंतर द्या.

अलाबामातलं बर्मिंगहॅम, मे १९६३. वर्णभेदाविरुद्धच्या मोर्च्यांत मोठी माणसं अटक व्हायला पुढे येईनात, कारण नोकरी जाईल, घराचे हप्ते थकतील. तेव्हा किंग यांचा सहकारी जेम्स बेव्हल याने तोडगा काढला, की पोरांना उतरवा, त्यांना कुठे नोकरी आहे. किंग स्वतः आधी कचरत होते. रेडिओवरच्या निवेदकाने सांकेतिक निरोप दिला, की पार्कात पार्टी आहे, येताना टूथब्रश आणा. म्हणजे तुरुंगात मुक्कामाची तयारी! २ मेला हजारावर मुलं शाळा सोडून निघाली. त्यात ऑड्री हेंड्रिक्स नावाची नऊ वर्षांची मुलगी अटकेत गेली. दुसऱ्या दिवशी शहराच्या पोलीस-अग्निशमन खात्याचा प्रमुख बुल कॉनर याने अग्निशमनचे पाइप आणि कुत्री सोडली. तुरुंग भरले तेव्हा पोरांना जत्रेच्या मैदानावर कोंडलं. किंग यांच्या अहिंसेवर टीका करणाऱ्या माल्कम एक्सने तेव्हाच सुनावलं होतं, की खरे मर्द आपली पोरं गोळीच्या तोंडी देत नाहीत. सप्टेंबरात, मुलं जिथून निघाली होती त्याच १६व्या स्ट्रीटच्या चर्चमध्ये बाँब फुटला आणि चार मुली गेल्या, तीन १४ वर्षांच्या आणि एक ११ ची.

तुमच्या फार्मव्हिलचंही अर्धंच सांगितलंत. निकालानंतर त्या परगण्याने काय केलं? १९५९ ला सरकारी शाळांनाच कुलूप ठोकलं, ते १९६४ पर्यंत. गोऱ्यांनी खाजगी शाळा काढली. कृष्णवर्णीय मुलांची पाच वर्षं गेली. बार्बराला घरच्यांनी जिवाच्या भीतीने माँटगोमेरीला काकांकडे पाठवलं होतं. 'मुलांचा आवाज' म्हणताना बिल कुणाच्या नावावर फाटतं तेही बोला. त्या आठवीतल्या मुलीचा परिच्छेद आईने मनावर घेतला म्हणून धागा निघाला. उद्या वर्गात तिच्याशी कुणी बोलेनासं झालं तर तुम्ही असणार का तिथे?

शेंगदाण्याचं कूट

तात्या, बर्मिंगहॅमच्या व्यापाऱ्यांनी १० मेला समझोता केला. महिनाभर मोठे लोक झगडत होते ते आठ दिवसांत पोरांनी हलवलं. हे वगळून हिशेब कसा पुरा होईल?

तात्या ठाणेकर

वगळत नाही. जिंकले म्हणून पाठवणं योग्य ठरतं का, हा माझा प्रश्न आहे.

शेंगदाण्याचं कूट

पाठवलं म्हणता, पण कितीतरी पोरं शाळांची कुंपणं ओलांडून स्वतःच आली होती. आणि मोठे लोक 'वाचवतात' तेव्हा काय होतं तेही बघा. क्लॉडेट कोल्व्हिन, १५ वर्षांची. २ मार्च १९५५ ला माँटगोमेरीच्या बसमध्ये जागेवरून उठली नाही म्हणून तिला अटक झाली. जिच्या अटकेवरून तो बस बहिष्कार सुरू झाला त्या रोझा पार्क्सच्या आधी नऊ महिने. पुढाऱ्यांनी तिला चेहरा म्हणून घेतलं नाही. वय लहान, गरीब वस्तीतली, रंगाने जास्त काळी, पुढे लग्नाआधी दिवस गेले. तरी बसमधला भेद ज्या खटल्याने संपला, त्यातल्या चार वादींपैकी एक तीच. मोठ्यांना गैरसोयीची वाटली म्हणून एका पोरीचं नाव कित्येक वर्षं झाकून ठेवलं.

मिशिगनचा मक्या

मी १९. इथेच वाढलो, मराठी आईमुळे लिहिता येतं, चुका असतील.

सहावीत अशी स्पर्धा मी जिंकली आहे. 'स्वप्न' शब्द भाषणात खूप वेळा होता. परीक्षकांना रडू आलं. मला कुणीच सांगितलं नव्हतं, की १९६६ च्या गॅलप पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचं किंगबद्दल मत वाईट होतं. माझं भाषण ज्या माणसाबद्दल होतं तो सगळ्यांचा लाडका होता. असा माणूस तुरुंगात का जाईल?

आणि काका, मावश्या, तुम्ही सगळे 'मुलं' म्हणताय. १९६० मध्ये ग्रीन्सबोरोला वूलवर्थ दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठीच्या जेवणाच्या काउंटरवर बसलेले चौघे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. ते म्युझियम मी बघितलंय, काउंटर तिथेच आहे. मी आत्ता त्यांच्यातल्या बहुतेकांपेक्षा मोठा आहे. पण मंडळाच्या कार्यक्रमात मी जातीवर पाच मिनिटं मागितली तर मला सांगितलं, गणपतीत नको. मग कधी? किंगवर बोलायला चालतं, कारण तो दुसऱ्यांचा प्रॉब्लेम आहे.

तर्रीपोहे

मक्या, दंडवत घे. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार वगैरेंनी दलित पँथर काढली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन, आणि तेही तरुणच होते. त्याआधी १९४६ ला बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. त्यामुळे 'दुसऱ्यांचा प्रॉब्लेम' म्हणणाऱ्या तुमच्या मंडळाला हा इतिहास पाठव.

गणितवाला

अवांतर सुरू झालं. शाळेतून जातीवर आलो, आता पुढचे पन्नास प्रतिसाद त्यावरच.

एडिसनची वहिनी

अवांतर नाही ते, पण असो. सुपारीकात्री, आमच्या मराठी शाळेच्या रविवारच्या कार्यक्रमात ऑनलाइन जोडून तुमच्या लेकीला बोलायचं असेल तर वेळ देते. मक्यालाही. मसुदा मागणार नाही. अट एकच, पाच मिनिटांनी घंटा. आणि बोलून झाल्यावर प्रश्न घ्यायचे, पळायचं नाही. तात्या म्हणतात ते मलाही पटतं, पण उत्तर देण्याची सवय झाली की वर्गात एकटं पडण्याची भीती थोडी कमी होते, असा अनुभव आहे.

सुपारीकात्री

तिला विचारून सांगते. मी हो म्हणून उपयोग नाही.

गणितवाला

वहिनी, मग माझा मुलगाही बोलेल. उलट बाजूने. चाचणी देऊन त्या वर्गात बसलेल्या मुलाचंही ऐका की.

सुपारीकात्री

जरूर बोलू दे. फक्त त्याचं भाषण तुम्ही लिहू नका.

गणितवाला

बरं. आणि तुमच्या लेकीचं तुम्ही.