ट्रॅव्हलर कॅम्परमधलं ओएम ६१६ डिझेल इंजिन काढून ट्रॅक्समध्ये बसवायचंय, काढण्याआधी काय तपासू?

रस्ता_आणि_चूल:
जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे, मागे कॅम्पर बांधलेला: पलंग, सिंक, गॅसची शेगडी, इन्व्हर्टर, त्याची वेगळी बॅटरी. खाऱ्या हवेनं फ्लोअर आणि मागचे क्रॉस मेंबर खाल्लेत. आता पत्र्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. इंजिन ओएम ६१६, २.४ लिटर, बिनटर्बो. गाडी पावसाळ्याआधीपासून उभीच आहे. हेच इंजिन असलेल्या ट्रॅक्सचा ब्लॉक तडकलाय, तिच्यात हे टाकायचंय. काढण्याआधी काय तपासावं? काढताना वाट कुठून? आणि आरटीओचं काय?

चौदाचा_पाना:
इंजिन गाडीत आहे तोवरच सगळं तपासून घ्या. रेडिएटर, सेल्फ, सायलेन्सर जागेवर असताना जे कळतं ते जमिनीवर काढून ठेवलेल्या इंजिनाचं कळत नाही.

पण इतके महिने उभी गाडी थेट सेल्फ मारून चालू करू नका. चारही नोझल, म्हणजे डिझेलचे इंजेक्टर, काढा (२७ची लांब गोटी, म्हणजे सॉकेट), प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण १० मिली इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. मग क्रँक पुलीच्या बोल्टला २७चीच गोटी लावून हातानं दोन पूर्ण फेरे द्या. पुढून बघताना घड्याळाच्या दिशेनं, उलटं कधीच नाही. उलटं फिरवल्यानं टायमिंग चेन ढिली पडून दात सोडू शकते. अडकलं तर पान्याला पाइप लावून जोर करू नका, आणखी तेल सोडून थांबा. हलल्यावर नोझल उघडेच ठेवून सेल्फ मारा, म्हणजे जास्तीचं तेल बाहेर पडेल. पंपाकडून येणाऱ्या नळ्यांची तोंडं आधी झाका आणि स्वतः बाजूला उभे राहा, फवारा जोरात येतो.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप. थंड इंजिनावर इनटेक ०.१० मिमी, एक्झॉस्ट ०.३०. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२. चौदाचे दोन बारीक पाने लागतात, तिसरा हाताशी ठेवा. या इंजिनात वापरानुसार गॅप वाढत नाही, कमी होतो. एक्झॉस्टचा गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन पडतं, आणि मग बिचाऱ्या पिस्टनच्या रिंगांवर खापर फुटतं. निम्मी ‘बोअर गेलेली’ इंजिनं अशीच भंगारात जातात.

नोझल बसवताना खालचे वॉशर नवेच घाला आणि ७०-८० न्यूटन मीटरवर आवळा. जुना वॉशर एकदा दबला की पुन्हा सील करत नाही. टाकीतलं जुनं डिझेल वापरू नका. ५ लिटरच्या कॅनमधून ताजं डिझेल द्या, रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा, हातपंपानं हवा काढा.

चालू होऊन गरम झालं की ऑइल भरायची टोपी सैल करून तोंडावर उलटी ठेवा. थरथरली, थोडी नाचली तर ठीक. उडून पडली तर रिंगा गेल्यात. त्यानंतरच कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरमध्ये तेल असताना मोजलं तर आकडा खोटा, चढा येतो. गेज डिझेलचंच हवं, ४० बारपर्यंतचं. २२-२४ बार उत्तम, १५च्या खाली इंजिन उघडावंच लागेल, आणि चारांत ३ बारपेक्षा जास्त फरक नको.

नोझलवाला:
वरचं सगळं बरोबर. काढण्याबद्दल सांगतो.

कॅम्पर आहे हे विसरू नका. मुख्य बॅटरी सोडली तरी मागच्या बॅटरीची वायर आयसोलेटरमार्गे (दोन बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा स्विच) डायनामोपर्यंत जिवंत असू शकते. दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह आधी काढा, इन्व्हर्टर बंद करा. गॅस सिलिंडर आणि त्याची नळी गाडीतून पूर्ण बाहेर. गंजलेल्या बोल्टवर ग्राइंडर चालवणारच आहात.

ग्रिल, रेडिएटर आणि त्याची पुढची पट्टी उतरवली की इंजिन पुढून येतं. गिअरबॉक्स लावून ओढू नका. लांबी वाढते आणि मागचं टोक फ्लोअरला अडकतं. आधी प्रोपेलर शाफ्ट, मग गिअरबॉक्स जॅकवर घेऊन खाली. इंजिन कुठल्याही क्षणी इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, क्लच प्लेटचा हब वाकतो. डायनामो-सेल्फसकट वजन अडीचशे किलो धरून चला: १ टनी चेन ब्लॉक, आणि पट्टा हेडवरच्या उचलायच्या कड्यांनाच. मॅनिफोल्डला गुंडाळायचा नाही.

फाउंडेशन (इंजिन बसतं ते रबरी माउंटिंग), हीटर प्लगचा रिले आणि वायरिंग, अॅक्सिलरेटरची लिंकेज, इंजिन बंद करायची केबल किंवा व्हॅक्यूमची नळी, डिझेलच्या सगळ्या नळ्या, ब्रॅकेटसकट डायनामो, व्हॅक्यूम पंप, हे सगळं सोबत घ्या. डिझेल इंजिनाच्या ब्रेक बूस्टरला पंपाशिवाय व्हॅक्यूम मिळत नाही. पंप आणि नोझलची तोंडं लगेच टोप्यांनी बंद करा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात.

रस्ता_आणि_चूल:
ट्रॅक्सखाली वाकून बघितलं, ऑइल चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा) आकार वेगळा वाटतोय. चालेल?

चौदाचा_पाना:
चेंबरचा खोल भाग एक्सलवर येतो का ते आधी मोजा. येत असेल तर ट्रॅक्सचंच चेंबर या इंजिनाला लावा, पण ऑइल पंपाची जाळी आणि तिची नळीही ट्रॅक्सचीच. फक्त चेंबर बदललं तर जाळी तळापासून वर राहते आणि चढावर ऑइलचा दाब पडतो. त्याच वेळी क्लच प्लेटचे दात ट्रॅक्सच्या इनपुट शाफ्टवर बसवून बघा आणि पायलट बेअरिंग नवं टाका. इंजिन बाहेर असताना क्रँकचा मागचा सीलही बदला. नंतर तेवढ्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं परवडत नाही.

काळा_धूर:
कागदांचं थोडक्यात. ट्रॅक्सच्या आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. मंजुरी न घेता इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं बंधनकारक आहे. दोन्ही गाड्यांच्या आरसी, मालकी वेगळी असेल तर इंजिनाची विक्रीपावती, आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी जवळ ठेवा. ब्लॉकवरचा नंबर घासून स्वच्छ करा, पण ग्राइंडर लावू नका, वायर ब्रशच. नंबर पुसट दिसला की तपासणीत गाडी अडकते.

ट्रॅव्हलरची नोंदणी कलम ५५ खाली रद्द करा. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देणार असाल तर इंजिनाशिवायची गाडी घेतात का हे इंजिन उतरवायच्या आधी विचारा.