नवीन छोटं .२२ पिस्तूल: स्टँडर्ड गोळी अडकते, हाय व्हेलॉसिटी पसरते

तापीकाठ, भुसावळ
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात .२२ एलआर (लाँग रायफल) गोळीचं छोटं पिस्तूल घेतलं. नळी साडेतीन इंच, मॅगझीन १० चं. हातात इतकं चपखल बसतं की परवान्यावर नोंद झाल्या झाल्या रविवारी रेंज गाठली. ४० ग्रेन वजनाच्याच दोन प्रकारच्या गोळ्या नेल्या होत्या: कमी वेगाची स्टँडर्ड आणि जास्त वेगाची हाय व्हेलॉसिटी. १५ मीटर अंतर, मनगट वाळूच्या पिशवीवर.

स्टँडर्डच्या ५० पैकी ७ वेळा अडकलं. गोळी सुटल्यावर उरलेली रिकामी पुंगळी स्लाइडच्या (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) तोंडात उभी, चुलीच्या धुराड्यासारखी. पण कागदावरची भोकं बघा, चहाच्या बशीत मावतील! हाय व्हेलॉसिटी एकदाच अडकली, भोकं मात्र ताटभर पसरली. एक गोळी उडालीच नाही, कडेवर पिनची खूण स्पष्ट होती. मला स्टँडर्डच चालवायची आहे. काय करू?

धुळेकर३५
दादा, पहिल्यांदा चालवण्याआधी उघडून पुसलं होतं का? नवीन पिस्तुलात साठवणुकीचं जाड ग्रीस असतं. आणि हे ब्लोबॅक आहे, म्हणजे स्लाइड मागे ढकलायला पुंगळीचा धक्का तेवढा असतो. नवी स्प्रिंग कडक, स्टँडर्डचा धक्का बेताचा. स्लाइड पुरती मागे जात नाही आणि बाहेर पडणारी पुंगळी चिमटते. आधी २०० हाय व्हेलॉसिटी मारा, मग स्टँडर्डकडे या. स्प्रिंग कापायच्या भानगडीत अजिबात पडू नका.

केळीबाग, रावेर
न उडालेल्या गोळीचं सांगतो भो. .२२ मध्ये पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेत फिरवून बसवतात. एखाद्या जागी तो पोचलाच नाही आणि पिन नेमकी तिथंच पडली, तर ठिणगी नाही. तोंड टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच काढा. आणि आवाज फुसका आला तर पुढची गोळी मारूच नका. मॅगझीन काढा, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) रिकामं करा, नळीत सळई घालून आरपार जाते का बघा. शिसं आत अडकलेलं असताना दुसरी गोळी सुटली तर नळी गेली, कदाचित बोटंही.

डब्यावरच्या वेगावर जाऊ नका. स्टँडर्ड सेकंदाला सुमारे ३२५ मीटर, हाय व्हेलॉसिटी ३८० च्या आसपास, पण हे आकडे लांब नळीचे. साडेतीन इंचात दोन्ही बरेच कमी भरतात.

अजून एक, गोळ्या गाडीत ठेवता का? आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर जातो, बंद गाडीत त्याहून जास्त. शिशावरचं मेण सुटतं, त्याला धूळ चिकटते, तीच चेंबरमध्ये जाते. माझ्या गोळ्या घरात, कुलपाच्या पेटीत असतात.

तापीकाठ, भुसावळ
मंडळी, मनापासून आभार. ग्रीस खरंच पुसलं नव्हतं, एक्स्ट्रॅक्टरखाली (पुंगळी ओढून काढणारा आकडा) काळा लगदा निघाला. गोळ्याही दुपारभर डिकीत होत्या, ती सवय आता बंद. तीन रविवारांत २०० हाय व्हेलॉसिटी मारल्या. काल पुन्हा स्टँडर्ड भरली: ५० पैकी २ वेळा अडकली, दोन्ही वेळा मॅगझीनच्या पहिल्याच गोळीला. भरताना गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागं तर जात नाही ना, ते पुढच्या रविवारी बघतो. बशी मात्र तेवढीच आहे, कागद जपून ठेवलाय.