अळंबीचे स्पोअर (बीजाणू) मायक्रोस्कोपखाली कसे बघायचे?

रानवेडा: लॉनमध्ये पांढऱ्या छत्र्या उगवल्यात, ४०० पटवाला मायक्रोस्कोप पुरेल का? टोपीचा तुकडा ठेवला तर नुसतं काळं दिसतंय.

मृगसर: पुरतो की! तुकडा जाड पडतो, उजेड आरपार जात नाही. दांडा काढ, टोपी गिल्स (टोपीखालच्या पातळ पट्ट्या) खाली करून काचेवर ठेव, वर वाटी पालथी घाल, रात्रभर राहू दे. सकाळी स्पोअरची पूड पडलेली असते, सुईच्या टोकाएवढीच घ्यायची, पाण्याचा एक थेंब आणि कव्हरस्लिप (वर झाकायची पातळ काच) तिरकी टेकवून हळू सोडायची, नाहीतर बुडबुडे येतात आणि नवीन माणूस त्यांनाच स्पोअर समजतो. फोकस आधी १०० वर.

पावसाळी: पुडीचा रंग पांढऱ्या कागदावर बघच. हिरवट असेल तर क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस असू शकतं, विषारी आहे, लॉनमध्ये उगवतं. वारुळावरच्या अळंबीची गुलाबीसर पडते. पण नुसत्या स्पोअरवरून खायचं ठरवू नकोस रे, प्लीज.