'डेर शू डेस मानिटू': ही थट्टा नेमकी कोणाची?

सिनेमावारी:
मिशाएल 'बुली' हेर्बिगचा हा २००१ चा जर्मन विनोदपट अलीकडे 'आज चालणार नाही' अशा यादीत टाकला जातो. मला हे पटत नाही. आबाहाची हा अपाची नायक आणि त्याचा गोरा रक्तबंधू रेंजर दारूचा गुत्ता विकत घेण्यासाठी शोशोनी या अमेरिकेतल्या दुसऱ्या मूळनिवासी जमातीकडून कर्ज काढतात, खलनायक सांता मारिया त्यांना फसवतो आणि पैसे फेडण्यासाठी दोघं खजिन्याच्या मागे लागतात. बस, एवढीच गोष्ट. पण थट्टा आहे ती १९६० च्या दशकातल्या जर्मन वेस्टर्नपटांची. जर्मन लेखक कार्ल मायच्या कादंबऱ्यांवरचे ते चित्रपट युगोस्लाव्हियात चित्रित झाले. त्यांत अपाची नायक विनेटू होता पियर ब्रीस हा फ्रेंच नट. खुद्द कार्ल माय पहिल्यांदा अमेरिकेला गेला १९०८ मध्ये, म्हणजे विनेटूच्या पहिल्या तीन कादंबऱ्या लिहून झाल्यावर, आणि तेव्हाही पश्चिमेपर्यंत पोचलाच नाही. अशा बनावट जगाची टर उडवली तर कोणाचं काय बिघडलं?

रानफूल:
बिघडतं. मूळ चित्रपट बनावट होते हे मान्य, पण हेर्बिगने ती बनावट पुसली नाही, तीच पिसं आणि तेच रंग पुन्हा वापरले. शोशोनींच्या सरदाराला शहाणपणाचं एक वाक्य तरी मिळतं का? आणि विनेटच! आबाहाचीचा जुळा समलिंगी भाऊ, गुलाबी कपडे, नखरे, सौंदर्योपचारांचं रँच. दोन्ही भूमिका हेर्बिगच्याच. समलिंगी माणूस म्हणजे एवढंच, असं शिकवणारा सिनेमा जर्मनीत एक कोटी सतरा लाखांच्या जवळपास लोकांनी थिएटरात पाहिला, याची मला काळजी वाटते.

म्युनिकवासी:
रानफूल, विनेटचबद्दल तुमच्याशी सहमत. पण बाकीच्या विनोदाची जागा तुम्हाला सापडली नाही असं वाटतं. आबाहाची चक्क बव्हेरियन बोलीत बोलतो! जुन्या चित्रपटांत विनेटू संथ, भारदस्त, प्रमाण जर्मन बोलायचा. महाभारतातली पात्रं मालवणीत भांडू लागली की मराठी प्रेक्षागृह जसं कोसळतं, तसंच इथे होतं. हसू येतं ते त्या भारदस्तपणाचं. युद्ध पुकारताना जमिनीत पुरलेल्या युद्धाच्या कुऱ्हाडीऐवजी घडीची खुर्ची उकरून काढतात, तो प्रसंगही याच जातीचा.

सिनेमावारी:
नेमकं हेच म्हणायचं होतं! शिवाय क्रिस्टियान ट्रामित्स या नटाचा रेंजर बघा. जुन्या चित्रपटांतला विनेटूचा गोरा रक्तबंधू, म्हणजे लेक्स बार्करचा ओल्ड शॅटरहँड, कधी चुकायचा नाही. रेंजर आणि आबाहाची मात्र जुन्या नवराबायकोसारखे कुरकुरतात. थोर मैत्रीचा तो सगळा डामडौल दोन वाक्यांत उतरतो.

जुनेरे:
माझा पक्ष वेगळा. त्या जुन्या चित्रपटांवर माझं प्रेम आहे. युद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत जर्मन मुलांना एक परका माणूस शूर, सच्चा आणि आपल्याहून थोर म्हणून दाखवला गेला, ही लहान गोष्ट नव्हती. मार्टिन ब्योटशरचं त्यांतलं संगीत आजही अंगावर काटा आणतं. पियर ब्रीसने हेर्बिगच्या चित्रपटावर उघड नाराजी व्यक्त केली होती आणि मला ती रास्त वाटते. ज्याने एक भूमिका आयुष्यभर सन्मानाने वागवली, त्याला ती अशी विदूषकी झालेली पाहून वाईट वाटणारच.

रानफूल:
जुनेरे, तुमचं प्रेम समजतं, पण 'थोर' ठरवलं तरी तो माणूस जर्मनांच्या कल्पनेतलाच राहिला. २०२२ मध्ये विनेटूच्या बालपणावरची मुलांची पुस्तकं राफेन्सबुर्गर प्रकाशनाने मागे घेतली, तेव्हा केवढं वादळ उठलं! त्या गदारोळात जिवंत अपाची लोकांना काय वाटतं, हे विचारणारे फार थोडे होते. माझा आक्षेप तिथे आहे.

म्युनिकवासी:
हा मुद्दा बिनतोड आहे. तरी त्याचा जाब आधी कार्ल मायला आणि साठच्या दशकातल्या निर्मात्यांना विचारावा लागेल. हेर्बिगच्या चित्रपटानंतर विनेटूकडे पूर्वीच्या भक्तिभावाने पाहणं माझ्या पिढीला जमलंच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचा पुढचा भाग, 'दास कानू डेस मानिटू', आला. रानफूल, पहिल्यातलं जे तुम्हाला खटकतं ते दुसऱ्यात किती उरलंय, हे तुम्ही बघून इथे लिहा. मला तुमचं मत खरंच हवंय.

रानफूल:
बघते. विनेटचबद्दल मात्र आत्ताच सांगते, माझं मत बदलायचं नाही.