एससीएमए डिकोडरचा भार कुठून कमी करावा? इटरेशन कमी करून भागत नाही

लहर_०७:
नमस्कार मंडळी. ६ युजर आणि ४ सबकॅरियर (फ्रिक्वेन्सीचे अरुंद पट्टे) असा नेहमीचा एससीएमए अपलिंक आहे, म्हणजे अनेक युजर तेच थोडे सबकॅरियर एकाच वेळी वापरून बेस स्टेशनकडे सिग्नल पाठवतात. प्रत्येक युजर २ सबकॅरियर वापरतो, त्यामुळे प्रत्येक सबकॅरियरवर ३ जण एकमेकांवर चढतात. कोडबुक (प्रत्येक युजरच्या ठरलेल्या सिग्नलची, म्हणजे कोडवर्डची यादी) ४ बिंदूंचं. मेसेज पासिंग डिकोडर (युजर आणि सबकॅरियर यांच्यात शक्यतांचे अंदाज फेरीफेरीने फिरवून बिट ओळखणारा) सी मध्ये लिहून झालाय, बिट एरर रेटचा आलेखही नीट येतो. पण तो एका छोट्या फिक्स्ड पॉइंट डीएसपीवर (पूर्णांकी गणित करणारी सिग्नल प्रोसेसिंग चिप) बसवायचा आहे आणि तिथे वेळ पुरत नाही. सध्या ६ इटरेशन (फेऱ्या) चालवते. ३ केल्या की एरर रेट डोळ्यांदेखत वर जातो. मग कात्री लावायची कुठे?

बेसबँड:
एसआयसी (एकेक युजर सोडवून वजा करत जाणं) करून पाहा. सगळ्यात जोरदार युजर आधी सोडवायचा, त्याचा सिग्नल वजा करायचा, मग पुढचा.

लहर_०७:
सगळे युजर साधारण सारख्याच पॉवरने येतात, हे सांगायचं राहिलं.

गाळणी:
मग एसआयसी नको. पॉवरमध्ये फरक नसेल तर पहिलाच युजर डळमळीत सुटतो आणि त्याची चूक पुढच्या सगळ्यांच्या गळ्यात पडते.

इटरेशनला हात लावण्याआधी एका इटरेशनच्या पोटात काय चाललंय ते बघा. एका सबकॅरियरवर ३ युजर, प्रत्येकाचे ४ पर्याय, म्हणजे ६४ कॉम्बिनेशन. त्यातून तिघांसाठी वेगवेगळा मेसेज काढायचा, आणि हे ४ सबकॅरियरवर. झाली ७६८ पदं, दर इटरेशनला. सहाही युजर एकदम धुंडाळले तर ४०९६ कॉम्बिनेशन होतात, त्यामानाने हे थोडंच. पण तुमच्या प्रत्येक पदात गुणाकार आणि एक्स्पोनेन्शियल आहेत, आणि डीएसपीचा जीव तिथेच जातोय.

सगळं लॉगमध्ये न्या आणि बेरजेच्या जागी मॅक्स (सगळ्यात मोठं पद) घ्या; यालाच मॅक्स-लॉग म्हणतात. गुणाकारांच्या बेरजा होतील, एक्स्पोनेन्शियल उरणारच नाही. नुकसान सहसा डेसिबलच्या लहानशा अंशाचं. मॅक्स-लॉगचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो: आलेला सिग्नल आणि प्रत्येक शक्य बिंदू यांच्यातल्या अंतरांचे सगळे वर्ग एकाच आकड्याने गुणले तर निकालही त्याच पटीत बदलतो. म्हणजे चारही सबकॅरियरवर नॉइज सारखा असेल आणि सुरुवातीला सगळे कोडवर्ड सारख्याच शक्यतेचे असतील, तर नॉइज व्हेरियन्सने भागणं इटरेशनमध्ये कुठेच लागत नाही. शेवटी एलएलआर (बिट ० की १ याची लॉगमधली खात्री) चॅनल डिकोडरकडे देताना एकदा लावा, पुरे. फक्त प्रत्येक मेसेजमधून त्याचा मॅक्स वजा करत चला, नाहीतर ओव्हरफ्लो होईल.

आता इटरेशनच्या बाहेरचं काम. चॅनल एका स्लॉटभर स्थिर धरता येत असेल, तर तिघांची बेरीज होऊन बनणारे ते ६४ बिंदू दर सिंबॉलला नव्याने काढायचे नाहीत. चॅनल एस्टिमेट आला की टेबल बनवा, सोबत प्रत्येक बिंदूची एनर्जीही ठेवा. अंतराचा वर्ग उलगडला की आलेल्या सिग्नलची स्वतःची एनर्जी सगळ्या पर्यायांना समान असते, ती टाकून द्या. उरतात प्रत्येक बिंदूमागे दोन रियल गुणाकार आणि थोड्या बेरजा. चार सबकॅरियर मिळून २५६ बिंदूंचं टेबल, एवढी मेमरी लहान डीएसपीलाही परवडते.

बेसबँड:
एसआयसीचं पटलं. इटरेशनबद्दल एक: सगळे मेसेज एकदम बदलण्याऐवजी एकेक सबकॅरियर घ्या आणि त्याचे नवे मेसेज त्याच फेरीत पुढच्याला वापरू द्या. एलडीपीसी या चूक-दुरुस्ती कोडच्या लेयर्ड डिकोडिंगमध्ये हेच करतात, तिथे साधारण निम्म्या इटरेशनमध्ये काम होतं. एफपीजीएवर (अनेक कामं एकाच वेळी करू शकणारी, हवी तशी जोडता येणारी चिप) यात समांतरपणा जातो, पण तुमचा डीएसपी तसाही एकामागून एकच करणार.

लहर_०७:
हे दोन्ही लगेच करून बघते. पण पुढे १६ बिंदूंचं कोडबुक हवं आहे. तिथे ६४ चे ४०९६ होतात, तेही एकेका सबकॅरियरवर. मॅक्स-लॉगने ती संख्या कुठे कमी होते?

गाळणी:
नाही होत. तिथे कोडबुकलाच हात घालावा लागतो. प्रत्येक कोडवर्ड दोन सबकॅरियरवर जातो, मग दोन्हीकडे सगळे बिंदू वेगवेगळे असायची गरज काय? एका सबकॅरियरवर दोन कोडवर्ड एकाच बिंदूवर पडू द्या, दुसऱ्यावर ते वेगळे राहिले की झालं. ४ बिंदूंचं कोडबुक असं प्रत्येक सबकॅरियरवर ३ प्रोजेक्शनवर, म्हणजे ३ वेगळ्या बिंदूंवर आणता येतं, मग ६४ ऐवजी २७ कॉम्बिनेशन. १६ बिंदूंचं ९ वर आणलं तर ४०९६ ऐवजी ७२९.

डिकोडरमध्ये एकाच बिंदूवर पडलेल्या कोडवर्डचे येणारे मेसेज आधी मॅक्सने एकत्र करा आणि बाहेर जाताना त्या सगळ्यांना एकच मेसेज द्या. त्याच कोडबुकवर सबकॅरियरमागे सगळी कॉम्बिनेशन मॅक्स-लॉगने तपासली असती तरी नेमकं हेच उत्तर आलं असतं, इथे काहीच गमवावं लागत नाही. गमावलं जाऊ शकतं ते कोडबुकमध्ये: बिंदू कमी केल्याने कोडवर्डमधली किमान अंतरं बदलतात, म्हणून निवडलेल्या कोडबुकचा एरर रेट फेडिंग चॅनलवर वेगळा तपासा.

तुम्हाला ट्रान्समीटरकडचं कोडबुक बदलायची मुभा आहे ना?

लहर_०७:
हो, दोन्ही टोकं माझ्याच हातात आहेत. आधी ४ बिंदूंवर २७ विरुद्ध ६४ अशी तुलना करते आणि आलेख इथे टाकते.