एल. ए. न्वार : ‘गोल्डन बटरफ्लाय’मधील चौकशी सारखी चुकते आहे, मदत हवी

रातकिडा :
गेल्या तीन रात्री मी ‘एल. ए. न्वार’ या पोलीस तपासाच्या व्हिडिओ गेममधील ‘द गोल्डन बटरफ्लाय’ या एकाच खून-प्रकरणावर घालवल्या आहेत. संशयित ह्यूगो मोलर काहीतरी लपवतो आहे हे त्याचा चेहराच सांगतो, आणि इंटरनेटवरच्या मार्गदर्शिकेतही त्या प्रश्नांना ‘डाऊट’ (संशय) हा पर्याय निवडा असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही मी तसे केले की खेळ माझ्याकडे पुरावा मागतो, आणि कोणताही पुरावा दिला तरी उत्तर चुकते. दुसरा संशयित एलाय रूनी याच्या बाबतीतही हेच होते. पुरावे सगळे गोळा झाले आहेत, त्यामुळे ‘घटनास्थळ नीट पाहा’ असा सल्ला कृपया देऊ नये. दोघांपैकी आरोप कोणावर ठेवायचा, तेही सांगावे.

आडवाट :
आपण खेळ कोणत्या यंत्रावर खेळत आहात, आणि आवृत्ती २०११ची मूळ आहे की २०१७ची सुधारित?

रातकिडा :
आवृत्तीचा येथे काय संबंध आहे, ते समजले नाही. शहर तेच, खून तोच, संशयितही तेच. मला केवळ उत्तरे हवी आहेत.

चेहरेपारखी :
मार्गदर्शिका बाजूला ठेवा. या खेळासाठी प्रत्येक अभिनेत्याचा चेहरा ३२ कॅमेऱ्यांनी टिपला होता, तो काही आपण यादी पाहून बटणे दाबावीत म्हणून नव्हे. उत्तर दिल्यानंतर संशयिताची नजर कोठे वळते, तो आवंढा गिळतो का, एवढेच पाहा. मी पूर्ण खेळ असाच संपवला.

दप्तरदार :
चेहरेपारखी यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. माणूस लपवाछपवी करतो आहे एवढे चेहऱ्यावरून कळते. पण त्याच्यावर केवळ दबाव आणायचा की खोटे बोलल्याचा ठपका ठेवायचा, हे खेळातल्या तपासाच्या वहीत नोंदलेल्या पुराव्यावरच ठरते. हातात पुरावा नसताना ठपका ठेवला, तर तुमची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी उत्तर चुकणारच.

चेहरेपारखी :
मग अभिनयाला काही किंमतच उरली नाही, असे म्हणा.

दप्तरदार :
मी तसे म्हटलेले नाही. काही जण इतके ठळकपणे डोळे फिरवतात की गल्लीतले पोरही त्यांना पकडेल, एवढीच माझी तक्रार आहे.

फिरस्ता :
चौकशीचे मला फारसे कळत नाही, परंतु एक सुचवतो. गाडीत बसताना बटण दाबून धरले की जोडीदार गाडी चालवतो आणि प्रवास टळतो. तसे मुळीच करू नका. १९४७चे लॉस एंजेलिस उभारताना जुनी हवाई छायाचित्रे अभ्यासली होती, ते रस्ते स्वतः फिरून पाहण्यासारखे आहेत. वाहतूक शाखेतल्या एका प्रकरणात दिग्दर्शक ग्रिफिथच्या १९१६च्या ‘इन्टॉलरन्स’ या चित्रपटाचा भव्य देखावा मात्र उभा दिसतो, आणि तो प्रत्यक्षात १९४७च्या कितीतरी आधीच पाडला गेला होता.

आडवाट :
रस्त्यांविषयी कोणी विचारलेले नाही. रातकिडा, आपल्या पडद्यावर चौकशीच्या वेळी जे तीन पर्याय येतात, त्यांची नावे जशीच्या तशी येथे लिहा.

रातकिडा :
‘गुड कॉप’, ‘बॅड कॉप’ आणि ‘अक्यूज’. ‘डाऊट’ असे कोठेच येत नाही, म्हणून मी ‘अक्यूज’ दाबत होतो; संशय घेणे म्हणजे आरोपच, असे मी गृहीत धरले होते. खेळ प्लेस्टेशन ४वर आहे.

आडवाट :
हेच पहिल्या प्रतिसादात सांगितले असते, तर एवढा वेळ गेला नसता. आपली आवृत्ती २०१७ची आहे आणि मार्गदर्शिका २०११च्या खेळाची. जुने ‘ट्रूथ’ म्हणजे आपले ‘गुड कॉप’, ‘डाऊट’ म्हणजे ‘बॅड कॉप’ आणि ‘लाय’ म्हणजे ‘अक्यूज’. पुरावा फक्त तिसऱ्याला लागतो. माझ्या मते नवी नावे अधिक प्रामाणिक आहेत, कारण जुन्या खेळात आपण सौम्यपणे संशय घ्यायला जावे, तर फेल्प्स, म्हणजे आपण चालवतो तो पोलीस, समोरच्यावर एकदम खेकसत असे.

दप्तरदार :
त्यात एक भर घालतो. ‘अक्यूज’ दाबल्यावर पुरावा निवडण्याआधी माघार घेता येते. समोरचा माणूस ‘हे सिद्ध करून दाखवा’ अशा अर्थाचे काय बोलतो ते ऐकावे, त्यावरून कोणता पुरावा लागेल याचा अंदाज येतो, आणि तसा पुरावा वहीत नसेल तर निमूटपणे मागे फिरावे. तरीही अडले, तर ‘इन्ट्यूशन’चा, म्हणजे खेळात मिळणाऱ्या मदतीचा, एक गुण खर्च करून चुकीचा एक पर्याय काढून टाकता येतो.

चेहरेपारखी :
माघार घेऊन पुन्हा निवडणे ही फसवणूक आहे.

दप्तरदार :
ती सोय खेळ तयार करणाऱ्यांनीच दिलेली आहे.

रातकिडा :
‘बॅड कॉप’ने ह्यूगोची उत्तरे जुळली, आभारी आहे. आरोपाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आडवाट :
प्रकरणाच्या शेवटी मिळणारे पाचपैकी पाच तारे हवे असतील तर रूनी. त्याची पूर्वीची गुन्हेगारी पाहता फेल्प्सचे वरिष्ठ कॅप्टन डॉनेली यांना तोच तुरुंगात हवा असतो, आणि ह्यूगोवर आरोप ठेवला तर ते फेल्प्सची खरडपट्टी काढतात. तारे वरिष्ठांच्या समाधानाचे असतात, हे ध्यानात ठेवावे.

फिरस्ता :
पण खरे पाहता त्या दोघांपैकी

दप्तरदार :
फिरस्ता, येथेच थांबा. त्यांना खून शाखेची पुढची प्रकरणे अजून खेळायची आहेत.

रातकिडा :
रूनीवर आरोप ठेवला आणि पाच तारे मिळाले. परंतु ह्यूगो जे रक्ताळलेले बूट जाळायला निघाला होता, त्यांचे काय?