झाग्रेबचं तुटलेल्या नात्यांचं म्युझियम: ताईला न्यावं का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. सप्टेंबरमध्ये मी आणि माझी मावसबहीण क्रोएशियाला निघालोय. झाग्रेबच्या जुन्या वरच्या भागात, सेंट मार्क चर्चजवळ, ‘म्युझियम ऑफ ब्रोकन रिलेशनशिप्स’ आहे. ओलिंका विश्तित्सा आणि द्राझेन ग्रुबिशिच हे कलाकार जोडपं वेगळं झालं, तेव्हा दोघांच्या सामानाचं करायचं काय, यातून ही कल्पना निघाली. २००६ मध्ये प्रदर्शन झालं, २०१० पासून कायमची जागा. वस्तू जगभरातले लोक देतात, निनावी, सोबत आपली गोष्ट लिहून. एक चक्क कुऱ्हाड आहे! बर्लिनच्या एका बाईने तिला सोडून गेलेल्या प्रेयसीचं फर्निचर त्या कुऱ्हाडीने रोज थोडं थोडं फोडलं आणि ती सामान न्यायला आली तेव्हा ढिगारे नीट रचून ठेवले होते. (मला ही बाई आवडली.)

अडचण अशी, की ताईचा घटस्फोट गेल्या वर्षीच झालाय. मावशी म्हणते, कशाला जखमेवर मीठ? ताई स्वतः मात्र हट्टाला पेटलीये. लग्नात आलेला, दोघांची नावं घातलेला स्टीलचा डबा तिला तिथे द्यायचाय.

कुणी जाऊन आलंय का? बघून मन फार जड होतं का, की हसूही येतं? किती वेळ ठेवावा? आणि वस्तू तिथे काउंटरवर हातात घेतात, की आधी कळवावं लागतं? डबा बॅगेत भरायचा की नाही, ते त्यावर ठरेल.